बोरी अरबच्या वाटेवर भरलेली उसण

यवतमाळच्या संमेलनाहून परतल्यापासून सदाशिव पेठेत मला सुखाने चालता येत नाही. एक तर पाठ अजून कुरकुरते, आणि दुसरं म्हणजे दर दहा पावलांवर कोणीतरी भेटतं आणि विचारतं, "काय वैद्यराज, वऱ्हाडात म्हणे काहीतरी झालं?" कोणी ऐकलंय की मला बैलाने मारलं, कोणी ऐकलंय की बाईने. तेव्हा काय झालं ते एकदाच लिहून टाकतो, म्हणजे उन्हात उभं राहून प्रत्येकाला सांगत बसायला नको.

मी तीन पिढ्यांचा वैद्य. कंबर, पाठ आणि गुडघे हा आमचा घरचा प्रांत. साठ सालच्या डिसेंबरात यवतमाळ जिल्ह्यातल्या वैद्यांनी संमेलन भरवलं आणि उद्घाटनाचं भाषण मला दिलं. नुकताच महाराष्ट्र एक झालेला, तेव्हा पुण्याचा माणूस बोलावणं हा उपचार असावा. पण मी तो माझ्या विद्वत्तेचा गौरव समजलो. विषय मीच निवडला, 'खेड्यातले अडाणी उपचार आणि शास्त्रशुद्ध आयुर्वेद'. चाळीस पानं लिहिली. गंडे, दोरे, बिब्ब्याचे डाग, सगळ्यांचा समाचार घेतला. त्यातलं एक अख्खं पान पायाळूच्या लाथेवर होतं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायाकडून जन्मलेलं माणूस म्हणजे पायाळू. पाठीत उसण भरली की असं माणूस गाठायचं, पालथं पडायचं आणि त्याच्याकडून पाठीत तीन लाथा खायच्या, की उसण पळाली. हे पान मी घरी आरशासमोर वाचून पाहिलं आणि दोनदा स्वतःच हसलो. चिटणिसांचं पत्रही आलं होतं, की भाषण झाल्यावर पाठदुखीच्या उपचारांचं प्रात्यक्षिक द्यावं, गावोगावचे वैद्य पाहायला येणार आहेत.

आमच्या हिचं माहेर बोरी अरब. ती म्हणाली, "चार दिवस आधीच निघू. भाऊकडे राहू, मग यवतमाळ, आणि जमलं तर कळंबच्या चिंतामणीचं दर्शन." मी हो म्हणालो. चिंतामणीचं दर्शन राहिलं ते राहिलंच.

दारव्हा

मूर्तिजापूरपासून पुढे छोटी गाडी. दोन्हीकडे कापूस फुटलेला आणि गाडीचा वेग इतका सोज्वळ, की आमच्या हिने खिडकीतून वेचणाऱ्या बायांची विचारपूस करत दोन जणींशी नातं काढलं. दारव्हा येईपर्यंत तिची भाषाच बदलली. पुण्यात वीस वर्षं 'मला, तुला' करणारी बाई फलाटावर उतरली आणि हमालाला म्हणाली, "अरे, इकडे ये ना! मले काय ओझं उचलता येते?"

हमालाने माझी पेटी उचलली ती उलटी. त्या पेटीत मी स्वतः सिद्ध केलेल्या महानारायण तेलाच्या बाटल्या होत्या. खास पाठदुखीसाठी, प्रात्यक्षिकाला. मी ओरडलो, "अरे गाढवा, सरळ धर!" आणि त्याच्या हातून ती हिसकावून एका झटक्यात खांद्याकडे नेली. पाठीत कळ आली आणि मी जो वाकलो तो काटकोनात. पेटी हमालानेच वरच्यावर झेलली.

"अहो, खाली काय पाहताय? काही पडलं का?" हिने विचारलं.

हमाल माझ्याभोवती एक फेरी मारून आला आणि म्हणाला, "मालकाले उसन भरली. कोनी पायाळू पाहा, बाई."

मी त्याला अडाणी म्हणालो. जमिनीकडे तोंड करून म्हणालो, त्यामुळे त्याला ते लागलं नसावं.

बोरी अरब

भाऊराव, म्हणजे माझा मेव्हणा, दमणी घेऊन आला होता. दमणी म्हणजे माणसं बसायची हलकी बैलगाडी, वर टप, खाली कडबा आणि सतरंजी. मला पालथं घातलं आणि तसंच बोरीत उतरवलं. जावई पहिल्यांदाच आठ वर्षांनी सासुरवाडीला आला आणि आला तो पालथा, हे गावाला फार आवडलं. अर्ध्या तासात ओसरीवर पाय ठेवायला जागा नव्हती.

आता हे कबूल केलं पाहिजे, की आमच्याकडे पुण्यात पाहुणा आजारी असला तर त्याला मुगाचं वरण देतात आणि एकटा सोडतात. इथे पाहुण्याला एकटं सोडणं हा अपमान. जो तो आत येई, पाठीत बोट खुपसून "इथं दुखते काय?" असं विचारी, मी किंचाळलो की समाधानाने मान हलवी आणि आपला उपाय सांगे. कोणी तापल्या विटेचा शेक, कोणी निर्गुडीचा पाला, एकाने तर बिब्बा तापवायला घेतलाही होता. मी शास्त्रार्थ सुरू केला, पण पालथ्या माणसाचा शास्त्रार्थ कोण ऐकतो? आणि प्रत्येकाचं शेवटचं वाक्य तेच, "नाही तं मग पायाळू."

जेवणाला गोळाभात होता. डाळीचे भरड गोळे भातात वाफवलेले, वरून लसणाची कडकडीत फोडणी आणि कडेला ठेचा. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, दुसऱ्याला कानातून वाफ, आणि तिसरा मी मागून घेतला. वरणात गूळ घालणाऱ्या माणसांनी एकदा तरी हा भात खावा.

मी माझ्यावर माझेच उपचार केले. तेल झालं, शेक झाला. ग्रंथात कटिशूलावर सुंठीच्या काढ्यातून एरंडेल सांगितलंय, म्हणून तेही घेतलं. उपचार उत्तम आहे. फक्त ग्रंथकाराने रोग्याला वावरात किती वेळा जावं लागेल आणि काटकोनात वाकलेला माणूस तिथवर कसा जाईल, याचा विचार केलेला नाही. भाऊराव मला खांद्याला धरून नेई आणि तुरीच्या ओळीपलीकडे उभा राहून मोठ्याने विचारी, "झालं काय, जवाईबापू?"

तिसऱ्या दिवशी माझं मला धोतर नेसता येईना. भाषण उद्यावर आलेलं. मंडपात गावोगावचे वैद्य, आणि पाठीचा तज्ज्ञ म्हणून काटकोन उभा राहणार! लोक माझ्यावर हसणार आणि माझ्या वडिलांच्या नावावरही. मी घाबरलो होतो, खोटं कशाला सांगू. आणि घाबरलेल्या माणसाला शास्त्र फार लवकर सापडतं. मला आठवलं, की ग्रंथात पायाने मर्दन करण्याचा प्रकार आहेच की! मग लाथ म्हणजे तरी काय, जरा जोराचं मर्दन.

"भाऊराव," मी भिंतीकडे पाहत म्हणालो, "गावात कोणी... ते... पायाळू आहे का?"

आमची ही उठून आत गेली. आत ती हसत होती, हे मला ऐकू येत होतं.

भाऊराव जरा घुटमळला. "हाय एक. गिरजाबाई. नाल्याच्या पल्याड राह्यते. पहिले बलावलं की येत होती, आंगनात उभी राहून तीन लाथा देत होती, सुपभर ज्वारी घेऊन जात होती. पन छप्पन साली त्या लोकायनं दीक्षा घेतली ना! देव सोडले, तशी तिनं लाथ बी सोडली. दोन डाव मानूस धाडला. येत नाही म्हंते."

"मग आपण जाऊ," ही आतूनच म्हणाली. "रोग्यानं जायचं असते वैद्याकडे. पुण्यात तुम्हीच सांगता ना?"

नाल्याच्या पलीकडे

घर लहान, सारवलेलं, दारात वेचलेल्या कापसाचा ढीग. गिरजाबाई चाळिशीची असेल. तिने मला दमणीतून उतरताना पाहिलं आणि आतून बाज आणून अंगणात टाकली. "पडा त्याच्यावर. बसू नका," ती म्हणाली. तीन दिवसांत पहिल्यांदा कोणीतरी पाठीत बोट खुपसलं नाही.

मी घसा साफ केला आणि पदाघाताचं शास्त्र सांगू लागलो. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"वैद्यबुवा, तुमी शिकेल मानूस," ती म्हणाली. "तुमी बी लाथ मांगाले आले?"

मला कापसाच्या ढिगात तोंड लपवावंसं वाटलं.

"मी नाही मारत आता. माही माय याच गावात मेली. मी पायाकडून आली अन् ते त्यातच गेली. माय मेली अन् गावाले औषध भेटलं. दहा वर्षाची होती तवापासून लोक बलावत. पाठीवर पाय घ्याले चालत होता. तोच पाय विहिरीच्या पायरीवर ठेवला तं बोंबाबोंब! दीक्षा घेतली त्या दिवशी ठरवलं, हे बी बंद."

आमची ही, जिने मला वीस वर्षांत एकदाही शेवटचा शब्द दिलेला नाही, ती खाली बघत राहिली. ती त्याच गावची पोर. त्या अंगणात तिनेही लाथा पाहिल्या असणार.

"चार दिवस पडून राहा," गिरजाबाई म्हणाली. "आपोआप जाते. लाथेनं बी चार दिवसांनीच जात होती."

एवढ्यात आतून कण्हल्याचा आवाज आला. गिरजाबाई धावत आत गेली आणि परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. पहिल्या बाळंतपणाला आलेली तिची लेक कमळ आत होती. दिवस भरलेले. सकाळी सुईणीने पोट चाचपून सांगितलं होतं, की लेकराचं डोकं वर आहे आणि पाय खाली.

"तुमच्या पोथीत याच्यावर काय इलाज हाय, बुवा?" तिने विचारलं.

इलाज? अध्याय आहे! परीक्षेत त्या अध्यायावर मी पहिला आलो होतो. मी पहिला श्लोक म्हटलाही. मग थांबलो, कारण ती माझ्याकडे ज्या आशेने पाहत होती तसं माझ्याकडे कधी कोणी पाहिलं नव्हतं, आणि मी जन्मात एकही बाळंतपण पाहिलेलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या दोन मुलांच्या वेळी मी बाहेरच्या खोलीत बसून पथ्याची यादी करत होतो.

"त्याचा अर्थ काय?" गिरजाबाईने विचारलं.

"अर्थ असा, की मला काही येत नाही," मी म्हणालो. "हिला यवतमाळला सरकारी दवाखान्यात न्या. आजच."

"ते मले बी समजते. पन मोटारीत दाटीवाटीनं हे कशी जाईन? सकाळपासून तीन घरी दमणी मांगितली. कोनी म्हंते कापसात गुतली, कोनी म्हंते बैल दुखावला." ती भाऊरावाकडे न बघता म्हणाली, "तुमच्याकडे मानूस धाडला तं तुमी म्हनलं, दमणीचा आख तडकला."

त्याच दमणीच्या चाकाला भाऊराव टेकून उभा होता.

मी उताणा असतो तर बरं झालं असतं. पालथ्या माणसाला रागवायला फार कठीण जातं. तरी मी रागावलो. "भाऊराव, हा आख कधी तडकला? मी आत असताना की नसताना?"

"जवाईबापू, तसं नाही... सतरंजी घरची हाय... लोक काय म्हनतीन?"

आणि मग आमची ही बोलली. "लोक कायले म्हनतीन? तू काय म्हनतं ते सांग! तुह्या बहिणीची बाळंतपनं झाली तवा कोनाची दमणी आनली होती? जुंप बैल!"

भाऊरावाने बैल जुंपले.

आता दमणीत एकच माणूस आडवं होऊ शकतं. मलाही त्याच दमणीतून दुसऱ्या दिवशी यवतमाळला जायचं होतं, आडवं होऊन, म्हणजे भाषणापुरती तरी पाठ सरळ होईल. खरं सांगतो, पहिला विचार माझ्या मनात भाषणाचाच आला. हिने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी बाजेवरून उठलो आणि दमणीच्या मागच्या फळीवर पाय खाली सोडून, गुडघ्यात नाक घालून बसलो. ही पुढे भाऊरावाशेजारी बसली, घरून भाषणाचे कागद आणि पेटी मागवून घेतली आणि आम्ही तिथूनच निघालो.

यवतमाळच्या वाटेवर

रस्त्याचं वर्णन करणार होतो, पण मी रस्ता तेवढाच पाहिला जेवढा माझ्या दोन पायांमधून मागे जात होता. खड्डा आला की आत कमळ ओरडे आणि बाहेर मी. गिरजाबाई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. दर ओरडण्याला ती एकच वाक्य म्हणे, "हाय मी, हाय ना मी." भाऊराव बैलांना हाकता हाकता मागे वळून विचारू लागला, "हळू घेऊ काय, पोरी?" माणूस वाईट नव्हता, लोकांना भिणारा होता, आणि आम्ही सगळेच थोडेफार तसे.

वाटेत गिरजाबाईने आपल्या लोट्यातलं पाणी मला दिलं. मी प्यालो. कौतुक करून घेण्यासाठी हे लिहीत नाही, मला तहान लागली होती. पण वडील असते तर मी प्यालो असतो का, हा प्रश्न पुढे मैलभर माझ्या डोक्यात होता.

दिवस मावळता मावळता दवाखान्यात पोहोचलो. माझ्या भाषणात ॲलोपॅथीवरही तीन पानं होती, तिखट. डॉक्टरीणबाई माझ्याहून निम्म्या वयाची. तिने कमळला आत घेतलं, भराभर चार माणसं कामाला लावली आणि जाता जाता माझ्याकडे पाहून म्हणाली, "आजोबा, तुम्ही चार दिवस पडून राहा. आपोआप जाईल."

आम्ही व्हरांड्यात बसून राहिलो. उजाडल्यावर गिरजाबाई बाहेर आली. तिला नीट उभं राहता येत नव्हतं.

"पोरगी झाली. दोघी बी चांगल्या हायेत," ती म्हणाली आणि तिथेच भिंतीला टेकून रडली. मीही रडलो. का ते मला सांगता येणार नाही. कमळ काही माझी लेक नव्हे, की ते बाळ माझी नात नव्हे.

भाऊराव आनंदाने पेढे आणायला गेला. मग गिरजाबाईने डोळे पुसले आणि हळूच विचारलं, "बुवा, लेकरू कसं आलं ते डाक्टरीनबाईले मालूम अन् मले मालूम. भाऊराव गावात जातीन तं गाव इचारनच. तुमी वैद्य हाय. तुमाले इचारलं तं काय सांगान?"

तेवढ्यात भाऊराव पेढे घेऊन आला.

संमेलन

दुपारी शाळेच्या पटांगणातल्या मंडपात मला व्यासपीठावर चढवलं. मी काटकोनात उभा राहिलो. सभेला वाटलं, पुण्याचे वैद्यराज नमस्कार करताहेत. केवढी नम्रता! सगळी सभा उठून उलट वाकली. मी वरच होत नाही म्हटल्यावर तीही वर होईना. शेवटी अध्यक्षांनी माझ्या हाराचं ओझं काढून घेतलं, तेव्हा कुठे लोक बसले.

मी वाचायला लागलो. गंडे झाले, दोरे झाले, लोक हसले. मग लाथेचं पान आलं. पहिलं वाक्य वाचलं आणि पुढे वाचवेना. मी कागद खाली ठेवले. म्हटलं, "मंडळी, हे पान लिहिणारा माणूस काल लाथ मागायला गेला होता. मिळाली नाही." आणि सगळं सांगितलं. तेलाची पेटी, एरंडेल, गिरजाबाईची आई, विहीर, श्लोक, सुईणीचं निदान, न तडकलेला आख. भाऊराव पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता. शेवटी सांगितलं, की बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत. मंडप चिडीचूप झाला. मला वाटलं, शरमला. मलाही शरम वाटत होती, म्हणून तसं वाटलं असेल.

मग बाभुळगावचे एक वृद्ध वैद्य उठले. पांढऱ्या मिशा, कमरेला घट्ट पट्टा.

"विद्वान वक्त्यांना एक शंका विचारतो," ते म्हणाले. "ते गिरजाबाई आता लाथ देत नाही, समजलं. पन तिची नात? आज झाली ते? सुईन म्हने पाय खाली होते. म्हंजे पायाळूच ना?"

अख्खा मंडप पुढे झुकला. चिटणिसांनी टिपण घ्यायला पेन्सिल काढली. अध्यक्षांनी एक हात नकळत आपल्या कमरेवर ठेवला. सकाळी जन्मलेलं पोर, अजून डोळे उघडले नव्हते, आणि इकडे तिच्या पायांसाठी पाठींची रांग लागली होती. भाऊरावानेही मान वर केली. तो जे ऐकेल ते दोन दिवसांत बोरीभर होणार, हे मला ठाऊक होतं.

मी दोन्ही हातांनी टेबल धरलं आणि पाठ जेवढी वर येईल तेवढी आणली. फार दुखलं.

"सुईणीचा अंदाज चुकला," मी म्हणालो. "पोरगी डोक्याकडून आली. सरळ. मी तिथे होतो."

"नक्की?" चिटणीस म्हणाले.

"तीन पिढ्यांचा वैद्य आहे मी, मला विचारता?"

सभेचा फार विरस झाला. बाभुळगावचे वैद्य पट्टा सावरत खाली बसले. प्रात्यक्षिक रद्द झालं आणि तेलाच्या बाटल्या तशाच पुण्याला परत आल्या.

आता तुम्ही म्हणाल, दवाखान्यात ती पोरगी मग आली तरी कशी? पेठेतलेही डोळा मारून हेच विचारतात. त्यांना सांगितलं तेच तुम्हाला सांगतो. बोरी अरबला जरूर जा. गोळाभात खा, ठेचा जपून घ्या. गावातल्या बायांची नावं मी इथे बदलली आहेत, तेव्हा शोधत बसू नका. पण दोन-तीन वर्षांनी नाल्यापलीकडे एखादी लहानगी अंगणात धावताना दिसली, तर तिला धावू द्या. ती डोक्याकडून आलेली आहे. मी वैद्य आहे, मी सांगतो.